करंट गेला कुठून, परत आला कुठून : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की पहिल्या वर्षाच्या बेसिक इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्समध्ये जिथे अडलंय ते बिनधास्त लिहून पाठवा. पत्रं आली, मेल आले, डिप्लोमावाल्यांचे, डिग्रीवाल्यांचे, एका बाबांचं, एका रिटायर्ड काकांचं. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये बरीच वर्षं उभी राहिलेय, त्यामुळे यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न मी टेबलापाशी कुणाच्या तरी तोंडून ऐकलाय. सगळ्यांना इथे जागा देता येत नाहीये, पण जे निवडलेत त्यांना नीट उत्तर देते.

"मॅडम, मला दहावीला सायन्समध्ये चांगले मार्क होते, ओहमचा नियम झोपेतही सांगेन. पण लॅबमध्ये ९ व्होल्टच्या बॅटरीला एलईडी लावला तर लख्ख पेटून लगेच गेला. दुसऱ्याला १ किलोओहमचा रेझिस्टर लावून सर्किट ब्रेडबोर्डवर बसवलं, तर तो पेटलाच नाही. मला हे जमणार नाही असं वाटायला लागलंय." (डिप्लोमा पहिलं वर्ष, सांगली)

जमणार नाही हा विचार आधी डोक्यातून काढ, कारण तुझ्यासोबत जे झालं ते दरवर्षी निम्म्या बॅचचं होतं आणि त्यातूनच हा विषय कळायला सुरुवात होते.

पहिला एलईडी का गेला ते बघू. ओहमचा नियम रेझिस्टरसाठी आहे, एलईडी तसा वागत नाही. लाल एलईडीला साधारण २ व्होल्टच्या आसपास मिळाले की तो करंट घ्यायला लागतो आणि त्यापुढे व्होल्टेज थोडंसं जरी वाढवलं तरी करंट भसाभसा वाढतो, त्याला अडवायला आत काहीच नाही. तू थेट ९ दिले. आता रेझिस्टर मध्ये घातला की हिशोब असा होतो, ९ पैकी २ एलईडीकडे राहिले, उरलेले ७ व्होल्ट रेझिस्टरवर पडले, आणि ७ भागिले १००० म्हणजे ७ मिलिअँपिअर. साध्या एलईडीला २० मिलिअँपिअरच्या आत ठेवायचं असतं, म्हणजे आपण आरामात आहोत. ओहमचा नियम इथे वापरला, पण फक्त रेझिस्टरला आणि फक्त त्याच्या वाटच्या ७ व्होल्टला. पोरं ९ भागिले १००० करतात आणि उत्तर जवळपास येतं म्हणून चूक लक्षातच येत नाही.

आता दुसरा का पेटला नाही. एलईडी उलटा बसला नव्हता ना ते बघ, लांब पाय प्लसकडे. तो बरोबर असेल तर माझा संशय ब्रेडबोर्डवर आहे. ब्रेडबोर्ड म्हणजे पार्टचे पाय नुसते खोचून सर्किट जोडायची भोकांची पाटी. तिच्या मधल्या भागात पाच-पाच भोकं आतून जोडलेली असतात, आणि कडेच्या लाल-निळ्या लायनी लांबवर जोडलेल्या असतात. पण बऱ्याच लांब ब्रेडबोर्डमध्ये ती कडेची लाइन बरोबर मध्यावर तुटलेली असते! नीट बघितलंस तर तिथे लाल रेघही तुटलेली दिसते. गेल्या वर्षी एक मुलगी चाळीस मिनिटं एकच सर्किट परत परत उपसून बसवत होती, रेझिस्टर बदलला, एलईडी बदलला, बॅटरी बदलली, डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मी तिला म्हटलं आता काही उपसू नको, मीटर घे, डीसी व्होल्टवर ठेव, काळा प्रोब बॅटरीच्या मायनसवर धरून ठेव आणि लाल प्रोब घेऊन करंटच्या वाटेने चालत जा. प्लसला ९. रेझिस्टरच्या अलीकडे ९. रेझिस्टरच्या पलीकडे पण ९, इथे खरं तर २ यायला हवे होते. एलईडीच्या पलीकडे शून्य यायला हवं तर तिथे साडेसातच्या आसपास. आणि निळ्या लायनीच्या अर्ध्या भागातून दुसऱ्या अर्ध्या भागात गेलो की एकदम शून्य. तिथेच तुटलं होतं, करंटला परतीची वाटच नव्हती, आणि करंट नाही म्हणून रेझिस्टरवर काही पडत नव्हतं. एक छोटी वायर दोन अर्ध्यांमध्ये टाकली आणि पेटला. ती मुलगी त्यानंतर टर्मभर सगळ्या टेबलांवर जाऊन इतरांचे फॉल्ट शोधून द्यायची.

तू पण हेच कर. सर्किट चाललं नाही की उपसायचं नाही, मोजत जायचं. करंट बॅटरीतून निघून फिरून बॅटरीतच परत यायला हवा, कुठे अडला ते मीटर सांगतं.

"माझ्या मुलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळालंय. पहिल्या वर्षाला तिला इलेक्ट्रिकल का शिकवतात? ती विचारते, पप्पा मला कोडिंग करायचंय, मोटर आणि ट्रान्सफॉर्मरचं मी काय करू. मला उत्तर देता आलं नाही." (एक पालक, लातूर)

तुम्ही तिला आज संध्याकाळी घराच्या जिन्यापाशी घेऊन जा, म्हणजे टू-वे स्विचचा दिवा असेल तर, खालून लावायचा आणि वर जाऊन बंद करायचा तो. दिवा बंद असताना दोन्ही स्विच जसे आहेत त्याला ० म्हणायचं, बटण फिरवलं की १. दोन्ही ०, दिवा बंद. खालचा फिरवला, लागला. वरचा एकटा फिरवला, तरी लागला. दोन्ही फिरवले तर परत बंद. हे तिला वहीत चार ओळींत लिहायला सांगा, आणि मग म्हणा की हीच एक्स-ऑर गेटची (दोन इनपुटपैकी नेमकं एकच १ असेल तर १ देणाऱ्या सर्किटची) ट्रुथ टेबल, म्हणजे इनपुट-आउटपुटचा तक्ता आहे, तिच्या डिजिटलच्या पुस्तकात येणारे.

आणि गंमत पुढे आहे. बायनरीमध्ये १ अधिक १ म्हणजे १०, एकं स्थानी ०, हातचा १. एकं स्थानचा अंक बघा: ० आणि ० ला ०, ० आणि १ ला १, १ आणि ० ला १, १ आणि १ ला ०. जिन्याचा दिवा! हातचा मात्र दोन्ही १ असतील तरच येतो, त्यासाठी दोन स्विच एकामागे एक सिरीजमध्ये लावले की झालं, दोन्ही चालू असतील तरच दुसरा दिवा लागेल. म्हणजे जिन्याची वायरिंग आणि एक सिरीज वायरिंग मिळून बेरीज करतात. याला हाफ अ‍ॅडर म्हणतात, आणि तिच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये बेरीज याच पायावर उभी आहे, स्विचच्या जागी ट्रान्झिस्टर आहेत एवढंच.

हे नातं लख्ख मांडून दाखवलं ते क्लॉड शॅनन या अमेरिकन पोराने. पोरगाच म्हणते, २१ वर्षांचा होता. १९३७ साली एमआयटीमध्ये मास्टर्सच्या थीसिसमध्ये त्याने दाखवलं की जॉर्ज बूल या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात खऱ्या-खोट्याचं जे बीजगणित मांडलं होतं ते रिलेच्या, म्हणजे विजेने उघड-बंद होणाऱ्या स्विचच्या, सर्किटला जसंच्या तसं लागू पडतं. इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी होता तो. पुढे १९४७ ला बेल लॅब्समध्ये ट्रान्झिस्टर आला, १९७१ ला इंटेलच्या ४००४ या चिपवर साधारण २३०० ट्रान्झिस्टर बसले, आता एका चिपवर अब्जावधी असतात. आपल्याकडे मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये १९६० साली टिफ्रॅक हा कॉम्प्युटर सुरू झाला तो व्हॅक्यूम ट्यूबचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा होता, आणि तो बांधणाऱ्यांना सर्किट आल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकता आलं नसतं.

मोटर-ट्रान्सफॉर्मरचा भाग तिला थोडा लांबचा वाटेल हे मी मान्य करते. पण फोन गरम का होतो, बॅटरी का उतरते, सर्व्हर रूमला एवढं एसी का लागतं, हे सगळे कोडिंगवाल्यांच्याच गळ्यात पडणारे प्रश्न आहेत. तिला म्हणावं एक वर्ष मन लावून कर, नंतर गोडी सुटत नाही.

"कलर कोड पाठ करायचा का? मीटरवर एका सेकंदात कळतं की." (डिग्री पहिलं वर्ष, नाशिक)

कर. फार वेळ लागत नाही, रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्या नारिंगी-नारिंगी-तपकिरी म्हणजे ३३० ओहम, तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १० हजार, अशी रोजची आठ-दहा तर हाताळून हाताळूनच बसतात. मीटरने मोजायचंच असेल तर रेझिस्टर सर्किटमधून निदान एका पायाने बाहेर काढ आणि सप्लाय बंद ठेव, नाहीतर बाजूच्या वाटेनेही मीटरचा करंट जातो आणि आकडा भलताच येतो. व्हायवाला हे विचारतातच.

"ग्राउंड म्हणजे नक्की काय? सर्किटमध्ये ग्राउंड, घरात अर्थिंग, मीटरमध्ये कॉमन. सगळं एकच का? आणि माझा मोटरचा प्रोजेक्ट: आर्डुइनो लॅपटॉपवर आणि मोटर ड्रायव्हर वेगळ्या बॅटरीवर, वायरिंग दहा वेळा चेक केली, मोटर हलत नाही." (डिप्लोमा दुसरं वर्ष, कोल्हापूर)

हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण हा कळला की अर्धं इलेक्ट्रॉनिक्स कळलं.

व्होल्टेज एका जागेचं नसतं, दोन जागांमधलं असतं. डोंगराची उंची जशी समुद्रसपाटीपासून मोजतात तशी. कळसूबाई १६४६ मीटर म्हणतो पण ते समुद्रापासून, पायथ्याच्या गावापासून मोजलं तर कमी भरेल, डोंगर तोच. तसं सर्किटमध्ये आपण एक जागा ठरवतो आणि म्हणतो ही शून्य, बाकी सगळं हिच्यापासून मोजायचं. ती जागा म्हणजे ग्राउंड. बहुतेक वेळा बॅटरीचा मायनस घेतात. पण दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये लावून मधल्या जोडाला शून्य म्हटलं तर एकीकडे प्लस ९ आणि दुसरीकडे मायनस ९ मिळतात, सिग्नल मोठा करणाऱ्या ऑप-अ‍ॅम्पच्या प्रॅक्टिकलला तू हेच करणार आहेस. मीटरचा कॉमन म्हणजे फक्त काळा प्रोब, तो तू जिथे टेकवशील तिथून मोजणार.

घरातलं अर्थिंग वेगळं आहे, ते खरंच जमिनीत गेलेलं असतं आणि ते जीव वाचवण्यासाठी असतं. थ्री-पिनची जाड लांब पिन ती. लांब यासाठी की प्लग घालताना ती आधी लागावी आणि काढताना शेवटी सुटावी. गीझरच्या पत्र्याला फेज लागला तर करंटला अर्थमधून सोपी वाट मिळते आणि फ्यूज किंवा एमसीबी उडतो. घरात आरसीसीबी असेल तर तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघत असतो, घरात लावतात तो साधारणपणे ३० मिलिअँपिअरचा असतो, तेवढा फरक पडला की तोडतो, कारण तो हरवलेला करंट कुणाच्या तरी अंगातून जात असू शकतो. गेला किती, परत आला किती, एवढंच बघतो तो.

आता तुझी मोटर. आर्डुइनो, म्हणजे तुझा प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड, जेव्हा पिनवर ५ व्होल्ट देतो तेव्हा ते त्याच्या स्वतःच्या ग्राउंडपासून ५ आहेत. ड्रायव्हर, म्हणजे त्या सिग्नलवरून मोटरला बॅटरीचा करंट देणारं सर्किट, ते त्याच्या बॅटरीच्या मायनसपासून मोजतोय, आणि त्या दोघांत काही नातंच नाही! सिग्नलची एक वायर गेली पण परतीची नाही. आर्डुइनोचा ग्राउंड आणि ड्रायव्हरच्या बॅटरीचा मायनस एका वायरने जोड. दोन्हीचे प्लस जोडायचे नाहीत, फक्त ग्राउंड. मला जवळजवळ खात्री आहे की मोटर फिरेल. आणि कितीही छोटी मोटर असली तरी ती थेट पिनला लावायची नाही हे तू पाळलंयस ते चांगलं केलंस, आर्डुइनो उनोच्या पिनमधून २० मिलिअँपिअरच्या पुढे जायचं नसतं आणि छोटीशी डीसी मोटरसुद्धा त्याच्या कितीतरी पट मागते.

"मॅडम किरचॉफचा नियम चुकीचा आहे का? एसीच्या प्रॅक्टिकलला रेझिस्टर आणि कपॅसिटर सिरीजमध्ये होते. मीटरवर रेझिस्टरला ६ व्होल्ट, कपॅसिटरला ८, बेरीज १४ यायला हवी पण सप्लाय १०. आमच्या ग्रुपने जर्नलमध्ये आकडे 'अ‍ॅडजस्ट' केले. आणि यात ते काल्पनिक संख्या, 'जे' (j) वगैरे कशाला?" (डिग्री पहिलं वर्ष, छत्रपती संभाजीनगर)

आकडे अ‍ॅडजस्ट केलेत याचं मला मनापासून वाईट वाटलं, कारण तुमचं रीडिंग इतकं सुंदर बरोबर होतं! ६ चा वर्ग ३६, ८ चा ६४, बेरीज १००, वर्गमूळ १०. पायथागोरस तुमच्या टेबलावर बसला होता.

गुस्ताव किरचॉफने हे नियम (त्यातला एक म्हणजे सिरीजमधल्या पार्टवरच्या व्होल्टेजची बेरीज सप्लायएवढी) १८४५ ला मांडले आणि ते एसीलाही लागू आहेत, पण एसीत प्रत्येक क्षणाला लागू आहेत. मीटर जो आकडा दाखवतो तो क्षणाचा नसतो, आरएमएस असतो, म्हणजे पूर्ण लाटेची वर्ग करून काढलेली एक प्रकारची सरासरी. घरचे २३० व्होल्ट म्हणजेही आरएमएस, खरी लाट ३२५ पर्यंत वर जाते आणि तेवढीच खाली, सेकंदाला ५० वेळा. आता रेझिस्टरवरचं व्होल्टेज करंटबरोबर वर-खाली होतं, कपॅसिटरवरचं पाव फेरा मागे राहतं. एक शिखरावर असतो तेव्हा दुसरा शून्यावर. म्हणून ६ आणि ८ ची सरळ बेरीज होत नाही, काटकोनात होते.

आणि 'जे' म्हणजे तो काटकोनच. कुठल्याही राशीला एकदा 'जे'ने गुणलं की ती ९० अंश फिरते, परत गुणलं की अजून ९०, झाले १८०, म्हणजे उलटी दिशा, म्हणजे उणे. 'जे' गुणिले 'जे' उणे एक का, तर एवढंच. 'काल्पनिक' या शब्दानेच घात केलाय, त्यात काल्पनिक काही नाही, ती फिरवण्याची खूण आहे. गणितात आय लिहितात, आपल्याकडे आय करंटला गेला म्हणून 'जे'. चार्ल्स स्टाइनमेट्झने १८९३ ला एसीचे हिशोब या पद्धतीने मांडून दाखवले आणि पानभर चालणारी त्रिकोणमिती दोन ओळींवर आली.

डोळ्यांनी बघायचं असेल तर वरती पंख्याकडे बघा. साध्या सीलिंग फॅनमध्ये दोन वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, असतात आणि एकाच्या वाटेत साधारण अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. त्याच्यामुळे त्या वाइंडिंगचा करंट दुसऱ्याच्या पुढे सरकतो, दोन्ही मिळून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि पंखा सुटतो. कपॅसिटर गेला की पंखा नुसता हुं हुं करत जागेवर राहतो, आणि काठीने ढकलला की त्या दिशेने फिरायला लागतो. कितीतरी घरांत उन्हाळ्यात हे बघितलेलं असतं. तो कपॅसिटर पंख्यात जे काम करतो तेच काम कागदावर 'जे' (j) करतो.

जर्नलचं ते पान परत लिहा, खरे आकडे टाका, आणि सरांना स्वतः जाऊन सांगा.

"आर्डुइनोवर मिलिसेकंद मोजणारा प्रोग्राम केला. ३२ सेकंद नीट चालतो आणि मग आकडा अचानक उणे होतो. बोर्ड खराब आहे का?" (अकरावी, पुणे)

बोर्ड एकदम ठणठणीत आहे. तू व्हेरिएबल इंट, म्हणजे छोट्या पूर्णांकाचा प्रकार, घेतलंयस, उनोवर इंट १६ बिटचा असतो, त्यात सगळ्यात मोठी संख्या ३२७६७. म्हणजे ३२.७६७ सेकंद. पुढचा एक मिळवला की सगळ्यात डावीकडचा बिट १ होतो आणि उणे संख्या लिहायच्या पद्धतीत तो बिट म्हणजे उणे, म्हणून थेट उणे ३२७६८. अनसाइन्ड लाँग, म्हणजे उणे नसलेल्या मोठ्या संख्यांचा प्रकार, घे, ३२ बिट मिळतील, ४९ दिवसांपेक्षा जास्त चालेल. अकरावीत हे तू स्वतः पकडलंस हे मला फार आवडलं.

"बटण दाबलेलं नसतानाही एलईडी आपोआप लुकलुकतो, नुसता हात जवळ नेला तरी." (डिप्लोमा पहिलं वर्ष, अकोला)

बटण सुटलेलं असताना इनपुट पिन कशालाच जोडलेली नाहीये, हवेत लोंबकळतेय, म्हणून ती आजूबाजूच्या वायरिंगचा, तुझ्या हाताचा, सगळ्याचा गोंगाट पकडते. ० पण नाही, १ पण नाही. १० किलोओहमचा रेझिस्टर पिनपासून ५ व्होल्टला लाव आणि बटण पिन आणि ग्राउंडच्या मध्ये. सुटलेलं असताना १, दाबल्यावर ०. उलटं वाटेल पण चार दिवसांत सवय होते.

"मी बँकेतून निवृत्त झालो आहे. लहानपणी रेडिओ दुरुस्त करायची इच्छा होती, राहून गेली. आता या वयात सुरुवात करता येईल का? काय घ्यावं? घरातला बोर्ड उघडून शिकू का?" (रत्नागिरी)

काका, नक्की येईल, आणि तुमचं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: घरातला बोर्ड उघडू नका. २३० व्होल्टवर शिकायचं नाही, शिकायचं ते बॅटरीवर. चुकलं तर एखादा पार्ट जातो, जिवावर बेतत नाही, आणि चुकल्याशिवाय हे येत नाही.

एक ब्रेडबोर्ड घ्या, एक साधा डिजिटल मल्टिमीटर, ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप, लाल एलईडी दहा-बारा, रेझिस्टरचं एक पाकीट, एक १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दोन-तीन पुश बटणं, जंपर वायर. मुंबईला येणं झालं तर लॅमिंग्टन रोड, पुण्याला आलात तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, तिथे दुकानदाराला नुसतं "बिगिनरचं सामान" म्हटलं तरी तो काढून देतो. सोल्डरिंग आत्ता नको, दोन महिन्यांनी.

पहिल्या दिवशी वर सांगलीच्या मुलाला सांगितलं ते सर्किट करा, १ किलोओहम आणि एलईडी, आणि काळा प्रोब मायनसवर ठेवून प्रत्येक जागेचं व्होल्टेज वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी रेझिस्टर आणि एलईडी आहे त्या जोडीला समांतर तो कपॅसिटर लावा, पांढऱ्या पट्ट्याचा पाय मायनसकडे, आणि तो उलटा लागला तर फुगतो म्हणून इथे मात्र दोनदा बघा. मग बॅटरीची प्लसची वायर काढा. एलईडी लगेच विझणार नाही, हळूहळू मंद होत जाईल. १ किलोओहम गुणिले १००० मायक्रोफॅरड म्हणजे १ सेकंद, या एका सेकंदाच्या हिशोबावर ते मंदावणं चालतं. रेझिस्टर २.२ किलोओहमचा लावून परत बघा किती लांबतं. घड्याळ घेऊन बसा आणि काय आलं ते मला लिहून पाठवा.